काचेला चिकटलेली माणसं

मला एक सांगा, स्कॅनर घ्यायचा झाला तर विश्वास ठेवायचा कोणावर? विकणाऱ्यावर? तो खोक्यावर छापलेलंच मोठ्याने वाचून दाखवतो. मोबाइलवरच्या व्हिडिओवर? त्यात बोलणारा कोरड्या खोलीत बसलेला असतो, त्याच्या फोटोला कधी बुरशी लागलेली नसते! माझ्यावर ठेवा असंही मी म्हणणार नाही, कारण मीच तीनदा फसलोय. पण जव्हारला एसटी स्टँडजवळ माझं झेरॉक्सचं दुकान आहे, आणि या धंद्यात कागदापेक्षा किस्सेच जास्त साठतात. टोनरसारखे. एकदा बोटांना लागले की धुऊन जात नाहीत.

मला स्कॅनर हवा होता तो एका फोटोपायी. आमच्या बाबांचा तेवढाच एक. मी आईच्या पोटात असताना ते खाडीवर रेती काढायला गेले, ते परत आलेच नाहीत. मेल्याचा निरोप नाही, जित्याचाही नाही. फोटो खोडाळ्याला माझ्या थोरल्या बहिणीकडे असतो. तिला मी बाय म्हणतो.

आता फोटो कसला, तर बोहाड्यातला. आमच्याकडे बोहाड्यात मुखवटे घालून देवांची सोंगं नाचतात, आणि नरसिंहाचं सोंग आमच्या घराकडे. म्हणजे फोटोत बाबा आहेत, पण तोंडावर नरसिंह! आई भिंतीकडे बोट करून सांगायची, "ह्यो तुझा बा." शाळेत जाईपर्यंत माझी पक्की समजूत होती की आमच्या बाबांना आयाळ होती!

तो फोटो काचेला चिकटलाय आणि ओल वरून उतरतेय. दर पावसाळ्याला बोटभर. मुकुट गेला, आयाळ गेली. बाय म्हणाली, "औंदाच्या पावसात डोळं जातील. दुकानात एवढी मशिनं घालून बसलास, एक बाप उतरवून घेता येत नाय?"

म्हणून हे सगळं.

*

सुरुवातीला माझा मेहुणा म्हणाला, "दाजी, स्कॅनर कशाला? मोबाइलने होतंय." मलाही बरं वाटलं, फुकटात काम! मोखाड्याचं एक जोडपं लग्नाचा फोटो घेऊन आलं, चौकटीसकट. खटाखट काढला, प्रिंट मारली, दिली.

नवरा बराच वेळ बघत राहिला. मग म्हणाला, "शेट, तुमी आमच्या लग्नाला होतात?"

"नाही बुवा."

"मंग नवरीच्या मागं कोण उभं हाय?"

काचेत मीच! हातात मोबाइल, डोक्यावर ट्यूबलाइट!

*

मग एका ओळखीच्या ऑफिसातून कागद ओढून घेणारा स्कॅनर दोन दिवस आणला. गिऱ्हाइकाच्या फोटोवर प्रयोग नको, म्हणून आमच्याच लग्नाचा घातला. मशीनने फोटोतली माझी बाजू सुखरूप बाहेर काढली आणि बायकोपाशी येऊन ते अडकलं. रोलरमध्ये ती कमरेपर्यंत!

मी घाबरून हाक मारली. ती आली, बघितलं आणि म्हणाली, "एवढं काय ओरडता? अर्धी घरात, अर्धी दुकानात. लग्न झाल्यापासून मी अशीच आहे."

मशीन त्याच दिवशी परत केलं.

*

तिसऱ्या खेपेला नाशिकहून नवाकोरा आणला. पातळ, हलका, एका वायरवर चालणारा. विकणारा म्हणाला, "साहेब, केसन् केस दिसेल." खोटं नव्हता बोलत. सुटा फोटो ठेवला की केसन् केस दिसायचा. शाळेचे दाखले, पासपोर्ट फोटो, सगळं झकास.

पण आमच्याकडे सुटे फोटो असतात कुठे? चार महिने पाऊस आणि घरात शिरणारं धुकं. भिंतीवरचा प्रत्येक माणूस काचेला चिकटलेला. सोडवायला गेलं तर नाक काचेवर राहतं आणि गाल कागदावर. म्हणून काचेसकट ठेवायचा. आणि हा पातळ स्कॅनर असा की, जे त्याला टेकेल तेवढंच त्याला दिसतं. मध्ये चौकटीची कड आली, काचेची जाडी आली, की झालंच.

एका म्हाताऱ्याने आपल्या भावाचा फोटो काचेसकट दिला. प्रिंट हातात घेतली आणि म्हणाला, "शेट, धुकं कशापायी घातलं? धुकं आमच्याकडं हाय की!"

*

त्याच मशीनचा आणखी एक पराक्रम. त्यात एक सोय होती, फोटोवरचे डाग आपोआप घालवायची. मी खूश! बुरशीचे ठिपके काढायचे कष्ट वाचले.

एक बाई आईचा फोटो घेऊन आली. नशिबाने सुटा होता. बटण दाबलं, डाग गायब, चेहरा लख्ख. मी कौतुकाने पुढे केला. बाईने प्रिंट पाहिली आणि कपाळावर हात मारला.

"आईचं गोंदण कुठं गेलं?"

कपाळावरचे, हनुवटीवरचे सगळे ठिपके मशीनने धूळ समजून झाडून टाकले होते!

"मेल्यावर सोबत काय येतं, तर एवढं गोंदण. तिनं वर नेलं ते, आन् तुमी हितं पुसलंत?"

तेव्हापासून ती सोय बंद. बुरशी मी हाताने काढतो, एकेक ठिपका, आणि प्रत्येक ठिपक्याला आधी घरच्यांना विचारतो, "हा डाग, की ह्या आई?"

*

लोक फोटो ठेवून जात नाहीत, हेही मला दुकानातच कळलं. आधार कार्ड विसरून जातील, सातबारा विसरतील, फोटो नाही. मी म्हणायचो, "ठेवा की, उद्या न्या." एक आजोबा म्हणाले, "नको. म्हातारी आमची एकली ऱ्हायली नाय कधी." आणि मशीनशेजारी स्टुलावर बसून राहिले. मी त्यांच्यासाठी चहा मागवला. त्यांनी दोन कप मागवायला लावले. दुसरा कप कोणी प्यायला नाही.

*

मग भरवसा बसावा म्हणून मी वही घातली. फोटोतल्या माणसाचं नाव, पुढे दोन रकाने. फोटो दुकानात घेतला की 'आला', मालकाने नेला की 'गेला'. साधा हिशेब.

बाजाराच्या दिवशी एक गृहस्थ सही करायला वाकले आणि एकदम उसळले. "ह्ये कोणी लिवलं? माझ्या पोराच्या नावाफुडं 'गेला'? कामाला गेलाय तो भिवंडीला! चांगला जिता हाय!"

मी कान पकडले. त्यांच्यासमोर पट्टी घेऊन सगळ्या पानांवर 'गेला'च्या आधी एक शब्द वाढवला. 'घरी गेला.'

त्यांनी पुन्हा वाचलं. "हां. ह्ये लिवा. मंग सगळे घरीच जाऊ द्या."

*

आता खरा स्कॅनर कसा सापडला ते सांगतो, तुमच्या कामाचं आहे. पुन्हा नाशिकच, पण या वेळी जुन्या सामानाचं दुकान. तळाशी एक जाडजूड धूड पडलं होतं. वेगळा ॲडॉप्टर, दिवा तापायलाच वेळ. दुकानदारच म्हणाला, "हा नका घेऊ, याला कोणी विचारत नाही."

मी तो कॉम्प्युटरला जोडून चालू करायला लावला, मनगटावरचं घड्याळ काढलं आणि काचेवर पालथं ठेवलं. पातळ मशीनवर घड्याळाची काच तेवढी दिसते, आतले काटे पुसट. या धुडाने सेकंदाचा काटासुद्धा दाखवला! जुन्या मशीनची नजर आत जाते. काचेपाशी अडत नाही.

"हाच द्या," म्हटलं. मांडीवर घेऊन एसटीने आणला. कंडक्टर म्हणाला, "याचं अर्धं तिकीट लागेल." म्हटलं, घ्या की, म्हातारा आहे!

*

पाऊस लागायच्या आत बाय आली. फोटो लुगड्यात बांधून, पोटाशी धरून. मी हात पुढे केला तर दिला नाही. स्वतःच काचेवर ठेवला, झाकण हळू टेकवलं आणि वर हात ठेवून उभी राहिली. दिवा सरकत गेला तसा तिच्या बोटांखालून उजेड गेला.

स्क्रीनवर बाबा आले. ओल नरसिंहाच्या कपाळापर्यंत उतरली होती, डोळे राहिले होते. लाकडाचे डोळे.

बायने खुर्ची पुढे ओढली. "ह्ये काचेच्या पल्याड बघतंय ना रं?"

"हो."

"मंग मुखवट्याच्या पल्याड का नाय बघत?"

मी हसलो. मग हसू थांबलं. "तेवढं मशीन अजून निघालं नाही, बाय."

"तुला सांगू म्हणलं तर सांगता येत नाय," ती म्हणाली. "मी तवा पाच-सहा वर्साची. तोंड आठवायला गेली की मुखवटाच येतो." तिने स्क्रीनवर खाली बोट दाखवलं. "पाय मोठे कर."

केले. अनवाणी पाय, घोट्यावर घुंगरं, लाल माती. आणखी मोठे केले. डाव्या पायाचं अंगठ्याशेजारचं बोट अंगठ्याच्या पुढे गेलेलं, जरा बाहेर वळलेलं.

"चप्पल काढ."

"कोण?"

"तू. दुसरं कोण हाय हितं?"

काढली. तिने खाली पाहिलं, वर स्क्रीनकडे पाहिलं, परत खाली पाहिलं. मग माझ्या पायावरची टोनरची काळी धूळ पदराने पुसली.

"बा बघितलास ना आता?" म्हणाली. "झालं तर."

फोटो पुन्हा लुगड्यात बांधला. दारापर्यंत गेली आणि मागे वळली. "वहीत लिवलंस?"

'आला' लिहिलं होतं. पुढचा रकाना कोरा होता. पेन हातात घेऊन मी तसाच बसलो.

"लिव की," बाय म्हणाली, "घरी गेला."

लिहिलं. तिने अंगठा उठवला.

तुम्ही मशीन कुठलंही घ्या, फक्त आधी घड्याळ ठेवून बघा. आणि हात जोडून एक सांगणं आहे. वही घाला, आणि तिचा हिशेब खरा ठेवा. जो आला तो आला लिहा, आणि जो घरी गेला तोच घरी गेला लिहा.