पिवळा रंग न आलेली बाटली

दादा पेडण्याहून दोन बस बदलून प्रयोगशाळेत आला, तो माझ्याशी भांडायलाच. बसायला सांगितलं तरी बसला नाही. माझे मार्गदर्शक सर समोर होते, त्यांच्याकडे पाहिलंही नाही.

"तुझ्याकडे औषध आसा," तो म्हणाला. "बाबांक कित्याक देत नाय?"

बाबा पेडण्याच्या मामलेदार कचेरीत कारकून होते. गोव्यात कोकणी की मराठी हा वाद पेटला होता त्या वर्षांत मराठीच्या बाजूच्या सभांची निवेदनं तेच लिहून द्यायचे. घरात आम्ही पेडण्याची बोली बोलायचो, पण लिहिताना एक ऱ्हस्व चुकला तरी ते पाटी पुसायला लावायचे. गोवा घटक राज्य झाल्यावर बऱ्याच वर्षांनी, निवृत्तीनंतर, त्यांना अल्झायमर झाला. अर्ज लिहायला बसले की दुसऱ्या ओळीत अडकायचे आणि लेखणी फेकून द्यायचे. म्हापशाच्या डॉक्टरांच्या गोळीने काही महिने बरं वाटलं, मग तीही चालेना. दादाला ते परका माणूस समजून घराबाहेर काढायचे. मी सुट्टीला गेले की म्हणायचे, "ही चोरटी परत इली." वहिनी त्यांना न्हाऊ घालायची आणि हातावर ओरखडे घेऊन बाहेर यायची.

मी त्याच आजारावर काम करत होते, आणि हेच दादाला खुपत होतं. मेंदूतले निरोप पोचवणारं एक रसायन असतं, ते तोडणारं एक एन्झाइम असतं. बाबांची गोळी त्या एकालाच अडवायची. आमचा विचार असा, की बिघाड एकाच जागी नसतो, म्हणून एकाच रेणूने दोन एन्झाइमं अडवावीत. त्यासाठी रेणूला एकेका एन्झाइमला धरणारी दोन डोकी लावायची आणि मधे कार्बनची साखळी. साखळी आखूड झाली तर दुसरं डोकं पोचत नाही, लांब झाली तर रेणू नुसता लोंबकळतो. मी ती साखळी एकेका कार्बनने वाढवत होते. आधी संगणकावर बसवून बघायचं, मग बनवायचं, मग एन्झाइमबरोबर तपासायचं. पहिल्या एन्झाइमच्या चाचणीत, ते चालू असेल तर द्रव पिवळा होतो. एका रेणूच्या वेळी पिवळा आलाच नाही. दुसऱ्या एन्झाइमनेही हात टेकले.

त्या आनंदात मी सुट्टीला घरी गेले तेव्हा जेवताना बोलून गेले, "जमलं." दादाने तेवढंच ऐकलं.

आता तो दारात उभा होता. मी सांगितलं, "दादा, हे अजून उंदरालाही दिलेलं नाही. काचेत चालतं, माणसात काय करेल कुणालाच माहीत नाही."

"बाबांचा आता आणि काय वायट जातला?"

उत्तर द्यायच्या आत त्याने टेबलावरची छोटी बाटली उचलली आणि शर्टाच्या खिशात घातली. मी दार अडवलं. त्याने मला दंडाला धरून बाजूला ढकललं, मी कपाटावर आपटले. तरी मी त्याचा खिसा सोडला नाही. खिसा फाटला, बाटली माझ्या हातात आली.

सरांनी हातातली वही मिटली. मग म्हणाले, "घरची भांडणं घरी करा. आणि बाई, पुढच्या वेळी घरच्यांना काय सांगायचं ते विचार करून सांगा."

मला दोघांचाही सारखाच संताप आला. सरांना एवढं म्हणाले, की ज्यांच्यासाठी आपण हे करतो म्हणून अनुदानाचे अर्ज भरतो, त्यांच्यातलाच एक माणूस समोर उभा आहे. ते उठून आत गेले. दादा फाटका खिसा हाताने धरून बसस्टॉपकडे निघाला.

पुढे तोच रेणू यकृताच्या पेशींवर टाकला. औषध म्हणून लागेल त्याहून कमी मात्रेत पेशी मेल्या. पहिलं डोकं ज्या रसायनावरून घेतलं होतं त्याचा हा दोष माहीत होता. साखळीने तो झाकला जाईल असं आम्ही धरून चाललो होतो, तो वाढलाच होता.

मी पेडण्याला गेले. दादा मागच्या दारी काजूच्या बिया वाळत घालत होता. मी उभ्यानेच सांगितलं, "ते दिलं असतं तर बाबांचं यकृत गेलं असतं."

त्याने बिया पसरणं थांबवलं नाही. "तू असाच सांगतलंय म्हणान माका ठावक होता."

"मी खोटं बोलते?"

"तुका वाचवची आसा तुझी नोकरी. बोल, खरा काय खोटा, माका तपासूक येता?"

ते मात्र खरं होतं. त्याला तपासता येत नव्हतं, आणि माझ्या शब्दाशिवाय त्याला दाखवण्यासारखं माझ्याकडे काही नव्हतं. वहिनी दारात येऊन ऐकत होती. ती म्हणाली, "ऱ्हवतलंय तर आज तू न्हाणय त्यांका." मी राहिले. बाबांनी तांब्या माझ्या कपाळावर मारला.

त्याच पावसाळ्यात न्यूमोनियाने ते गेले. बाराव्याला दादाने पार्शे गावच्या पाहुण्यांना सांगितलं, घरातच औषध होतं, पण बहिणीने दिलं नाही. मी ऐकेन इतक्या मोठ्याने सांगितलं. मी जेवणाचं पान सोडून उठले आणि दुपारची बस धरली.

आमचं बोलणं तेव्हापासून बंद आहे. मी पहिल्या डोक्याच्या जागी यकृताला न मारणारं दुसरं शोधते आहे.