निम्म्याहून कमी गावाचे सरपंच

आमच्या तात्यांना कुणी "सरपंच" म्हणून हाक मारली की ते लगेच दुरुस्ती करायचे, "निम्म्यापरास कमी गावाचा." आटपाडीला तालुक्याच्या बैठकीतसुद्धा हेच. बाकीचे सरपंच फेटे बांधून ऐटीत बसलेले आणि आमच्या माणसाचं हे बोलणं! तात्या माझे चुलत सासरे. ऐकून मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

त्यात खोटं मात्र काही नव्हतं. निवडणूक तिरंगी झाली होती. खालच्या आळीतले दोघे चुलतभाऊ एकमेकांविरुद्ध उभे राहिले, त्यांची मतं फुटली आणि आमच्या वरच्या आळीचे तात्या मधल्यामध्ये निवडून आले. पोरं गुलाल उधळत दारात आली, तर तात्यांनी कपाळ टॉवेलाने पुसलं. "आरं, मला नगं म्हणणारीच गावात जास्त हायती. नाचताय कशापायी?" पोरं हिरमुसून घरी गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळीच ते खालच्या आळीत गेले. प्रत्येक दारात एकच वाक्य, "तुमी मला नगं म्हणला, म्हणून पयला तुमच्याकडं आलो." लोकांना आधी वाटलं, म्हातारा टोमणा मारतोय. मग कुणीतरी चहा टाकला.

त्याआधी ते दोनदा सरपंच होऊन गेले होते. एकदा मी विचारलं, "आवं तात्या, निवडायची कुठली रीत बरी म्हणायची?"

"पोरी, तिन्ही रीतींनी निवडून आलो, तिन्ही येळंला मान खाली. पयल्यांदा बिनविरोध. भांडण न्हाई, डोकी फुटली न्हाईत, त्ये बरं झालं. पर देवळात चार मोठी माणसं बसली आन् बाकीच्यांना गप केलं. मग सदस्यांनी निवडलं. सरपंच चुकला तर त्याला खाली वढायला सोपं. पर फुटू नयेत म्हणून समद्यांना म्हाबळेश्वरला न्हेऊन ठिवलं. मीबी त्यांच्यात बसून स्ट्रॉबेऱ्या खाल्ल्या. आता समदं गाव मत देतंय, ह्ये लय चांगलं. पर मतं फुटली की नगं असलेला बसतोय."

"मग काय व्हायला हवं?"

"एकदा तरी निम्म्यापरास जास्त गावानं व्हय म्हणावं. मग मान वर करून जाईन."

पण त्या शरमेपायी तात्यांचा तोल गेला. उन्हाळ्यात पाण्याचा टँकर आला की तो आधी खालच्या आळीत, दरवेळी. आमच्या घागरी संध्याकाळपर्यंत कोरड्या. आळी चिडली आणि त्यात काही चूक नव्हती. आमचे हे पंचायतीत सदस्य. अविश्वास ठरावावर सगळ्यात आधी सही ह्यांची. मी बोलायला गेले तर म्हणाले, "तू यात पडू नगंस."

सदस्यांनी ठराव मंजूर केला. मग तो ग्रामसभेपुढे गुप्त मतदानाला आला. या खेपेला तिसरा कुणी नव्हता. तात्यांना ठेवायचं की काढायचं, एवढंच. खालची आळी झाडून सगळी आली. मोजणी झाली आणि निम्म्याहून जास्त गाव तात्यांच्या बाजूने निघालं. त्या दिवशी त्यांनी कपाळाला गुलाल लावू दिला. लावून घेताना ते चक्क रडले. मग त्यांनी गर्दीत आमच्या आळीचं कुणी दिसतंय का ते पाहिलं. आमची आळी केव्हाच घरी गेली होती.

सकाळी दारात खाकरल्याचा आवाज आला. खिडकीतून तात्या दिसताच हे मागच्या दाराने शेळ्यांच्या गोठ्यात गेले. मी दोन कप चहा आणला. माझी नजर वर होईना.

"तुमी नगं म्हणला, म्हणून पयला हितं आलो," तात्या म्हणाले. मग गोठ्याकडे तोंड करून मोठ्याने, "टँकरचं माझं चुकलं रं! ये भाईर, च्या निवतोय."

हे आले नाहीत. तात्यांनी आपला चहा घेतला, ह्यांच्या कपावर बशी झाकली आणि ते आळीतल्या पुढच्या घराकडे गेले.

गेल्या उन्हाळ्यात तात्या वारले. आता पुन्हा निवडणूक लागली आहे, पुन्हा तिरंगी, आणि सरपंचपदाला हे उभे आहेत. बायका मला विचारतात, निवडून येतील का? येतीलही. पण गुलालाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी हे कुणाच्या दारात जातील, ते मला माहीत आहे. कुणाच्याच नाही. आणि त्याची लाज मला आतापासूनच वाटते आहे.