भोईर सर आणि बी सत्तावीस

भोईर सरांना कोणी मागून हाक मारली, तर ते नुसती मान वळवत नसत. डोक्यापासून पायापर्यंत सबंध वळत. हाक मारणारा नववीतला पोरगा असो की शिक्षणाधिकारी, मान सगळ्यांना सारखाच. भिवंडीच्या आमच्या शाळेत ते पीटीचे शिक्षक, मी विज्ञानाची. नव्या शिक्षकांना वाटे, सर फौजेतून आलेत. सर पडघ्याजवळच्या एका शेतकरी घरातले; फौज त्यांनी टीव्हीवर पाहिलेली.

प्रार्थनेला पोक काढून उभ्या राहणाऱ्या मुलांना ते स्वतःची पाठ दाखवत. "ही बघा. भिंत हाय भिंत." स्टाफरूममध्ये ते कधी बसत नसत. चहा उभ्यानं, पेपर तपासणं खिडकीच्या कट्ट्यावर, तेही उभ्यानं. खुर्ची पुढे केली की म्हणत, "बसलो की संपलो, बाई." मुख्याध्यापकांना हे इतकं आवडलं, की त्यांनी ते सुविचार म्हणून फळ्यावर लिहायला लावलं.

घरी मात्र सरांची शिस्त चालेना. मुलगी मनीषा पडघ्याच्या एका गोडाऊनच्या ऑफिसात नोकरीला होती. सकाळची शिफ्ट, आणि सकाळीच तिला उठवत नसे. सर शाळेची शिट्टी तिच्या उशाशी वाजवत. शेजारचे उठत, मनीषा नाही. "पोरगी हुशार हाय, पन आळशी," सर आम्हाला सांगत. "आमच्या घरात आळस आला कुठून, कळत न्हाय."

एकदा सर शाळेत आले ते एक डोळा लालबुंद घेऊन. असं पूर्वीही झालं होतं, आणि सर घेतात की काय अशी कुजबुज सुरू झाली होती. सरांना सुपारीचंही व्यसन नव्हतं. मी मागे लागून त्यांना डोळ्यांच्या डॉक्टरकडे पाठवलं. परत आले ते चिडून. डॉक्टरनं डोळा तपासला आणि विचारलं, पाठ दुखते का? उद्या दाताच्या डॉक्टरकडं गेलो तर तो गुडघा विचारेल, असं सरांचं म्हणणं.

"मग तुम्ही काय सांगितलंत?" मी विचारलं.

सर सबंध खिडकीकडे वळले. "दुखते," म्हणाले. "शाळेत लागायच्या आधीपासून."

सकाळी पाठीचं लाकूड झालेलं असे. हातपाय हलवले की मोकळी होई, बसलं की पुन्हा आखडे. म्हणजे सर रोज पहाटे करत तो व्यायाम, ते उभं राहणं, हे सगळं दुखण्यावरचं औषध होतं. आमच्या फळ्यावर आम्ही सरांची तक्रार लिहून ठेवली होती.

पुढे सांध्यांच्या डॉक्टरनं एक्स-रे काढला, रक्त तपासलं. दुसऱ्या दिवशी सर विज्ञानाच्या खोलीत आले. "बाई, हे एचएलए-बी सत्तावीस काय हाय? एसटीचा नंबर वाटतो."

मी सांगितलं, हा एक जनुक. त्याच्यावरून एक प्रथिन बनतं. पेशीच्या आत काय चाललंय, त्याचे तुकडे ते पेशीच्या दारात धरून दाखवतं. शरीराचे पहारेकरी ते बघतात. विषाणूचा तुकडा दिसला की हल्ला करतात. या जनुकाचे पुष्कळ प्रकार, त्यातला तुमचा हा. तो असलेल्या बहुतेकांना काहीच होत नाही. काहींचे पहारेकरी मात्र आपल्याच मणक्यावर उलटतात, कधी डोळ्यावरही. का, ते अजून पुरतं उलगडलेलं नाही.

"म्हंजे गोडाऊनच्या वॉचमननंच मालकाला धुतला."

"साधारण तसंच."

"आन हे आलं कुठून?"

"आईकडून, नाहीतर वडिलांकडून. मुलांनाही जाऊ शकतं."

सर नोकरीत पहिल्यांदाच हाफ डे टाकून घरी गेले.

घरी काय झालं, ते मनीषानं मला नंतर सांगितलं. सर तिच्या पलंगावर बसले, चक्क बसले, आणि सकाळी पाठ दुखते का म्हणून त्यांनी तिला विचारलं. कॉलेजपासून दुखते, ती म्हणाली.

"मंग बोलली का न्हाईस?"

"पप्पा, तुमची पाठ अशी. या घरात माझी दुखते म्हणून कुणाला सांगू?"

सर रडले, असं मनीषा म्हणते. सर म्हणतात, डोळा अजून बरा झाला नव्हता.

तिचं दुखणं वेळेत कळलं, औषधं लागू पडली. मग रोज गच्चीवर दोघं मिळून व्यायाम करू लागली. सर आकडे मोजत, आणि मनीषा त्यांच्या चुका काढी.

पुढे अंबाडी गावचं एक स्थळ तिला बघायला आलं. दुखण्याचं एवढ्यात बोलू नका, असं नातेवाइकांनी बजावलं होतं. सरांनी मला मुद्दाम बोलावून घेतलं होतं, कोणी शास्त्र विचारलं तर सांगायला. पोह्यांच्या बशा आल्या आणि सर उठून उभे राहिले.

"खायच्या आधी सांगतो. आमच्यात बी सत्तावीस हाय. माझ्यात हाय, पोरीत हाय. पाठीचं दुखणं हाय, औषध चालू हाय. सकाळी तिला उठायला वेळ लागतो. तिला आळशी बोलायचं न्हाय. मी बोललो तेवढं पुरे."

मी मनातल्या मनात पेशीपासून सुरुवात करायची की जनुकापासून, ते ठरवत होते. मुलाच्या आईनं बशी खाली ठेवली.

"आमच्यात शुगर हाय," ती म्हणाली. "याच्या बापाला हाय, मला हाय. आन हा घोरतो."

मुलगा जमिनीकडे बघू लागला. आई मनीषाकडे वळली. "सकाळचा चहा आमच्याकडं मीच करते. तू सावकाश ऊठ."

लग्न त्याच बैठकीत ठरलं. मला कोणी काही विचारलं नाही. मी पोहे खाल्ले.