नेटी इम्रीचं मनगट

ज्या माणसाचे हात आयुष्यात कधी कामाला लागले नाहीत, त्याला मनगटं असतात कशाला, असा प्रश्न तुम्हाला कधी पडलाय का? नेटी इम्रीला रोज पडायचा.

पिटहेवनच्या बंदरावर ती एकोणचाळीस वर्षं मासे चिरत होती. आणि कामावर जाण्याआधी, रोज सकाळी सहाला, गोल्फ. आमच्याकडे हा साहेबांचा खेळ नव्हताच. किनाऱ्यावरची ती कुरणं गावाची. तिथं बायका कपडे वाळत घालायच्या, कोळी खेळायचे. साहेब मागाहून आले, क्लबची इमारत बांधली आणि गावालाच सकाळी आठच्या आतली वेळ ‘दिली’. बदल्यात उखडलेली ढेकळं गावानं बसवायची, वाळूचे खड्डे सारखे करायचे. क्लबघरात मात्र पाऊल टाकायचं नाही. मुतायला झुडपं आहेत.

आणि आता ही सकाळची वेळसुद्धा बसनं येणाऱ्या पर्यटकांना विकायचं घाटत होतं. हे डोकं ड्रमंड बॅलिंगॉलचं. भाड्यानं राहणाऱ्या कोळ्यांना काढून त्यांची घरं सुट्टीचे बंगले म्हणून विकून हा गबर झाला, आणि त्या वर्षी क्लबचा कॅप्टन म्हणून निवडून आला.

पण एक काटा त्याच्या घशात होता. नव्या कॅप्टननं पदावर बसताना सगळ्या गावासमोर एक चेंडू मारायचा. लोक मैदानात उभे राहतात, चेंडू उचलून आणणाऱ्याला कॅप्टन चांदीचं नाणं देतो. लोक किती लांब उभे राहतात, त्यावरून त्याची लायकी कळते. मागे एकासाठी लोक वीस पावलांवर उभे राहिले होते. तो परत बाजारात दिसला नाही.

बॅलिंगॉलचा चेंडू तीस वर्षं उजवीकडे वळून झुडपात जात होता. एका दुपारी तो नेटीच्या मासळीच्या दुकानात आला, नाकाला रुमाल लावून.

“नेटीबाई, तुमचा चेंडू सरळ कसा जातो हो?”

“सरळ मारते म्हणून.”

“दोन महागडे मास्तर केले. पडद्यावर रेघा काढून दाखवतात नुसत्या.”

“हात दाखवा.” तिनं त्याचे तळवे बटाटे पाहावेत तसे उलटेपालटे केले. “लोणी आहे नुसतं. आता ही गोल्फची काठी धरून दाखवा. अरे देवा! गळा काय आवळताय तिचा? भाडेकरू आहे का ती तुमची?”

“शिकवाल?”

“शिकवीन. सकाळची वेळ आमच्याकडेच राहील, असं क्लबच्या समितीत म्हणायचं.”

“शब्द देतो,” म्हणत त्यानं हात पुढे केला. हात ओला होता. माशाचा नव्हे, घामाचा.

पहिला आठवडा तिनं त्याला काठी दिलीच नाही. सुरी दिली, तीही डाव्या हातात, आणि समोर हॅडॉक माशांचं टोपलं.

“मुठीत नाही, बोटांत धरा. डावं मनगट मागे मोडू नका. सपाट ठेवा, सपाट! मोडलं की सुरी वर चढते आणि मांस काट्याला राहतं. काठी वर नेल्यावरही तसंच. तिथं मनगट मोडलं की काठीचं तोंड उघडं राहतं आणि चेंडू निघाला झुडपात.”

मग काठी. “खाली येताना घाई कशाला? आधी कंबर वळू द्या. मनगट शेवटी सुटू द्या, हात धुऊन पाणी झटकता तसं. घरी हात धुता ना स्वतःचे?”

तीन आठवड्यांत चेंडू सरळ जायला लागला.

कॅप्टनच्या फटक्याच्या आदल्या दिवशी डॉड स्मीटन, सकाळी तिच्या जोडीनं खेळणारा गवंडी, धापा टाकत दुकानात आला. “अगं नेटी, क्लबच्या फळ्यावर कागद लागलाय. सकाळची वेळ पर्यटकांना. प्रस्ताव कुणाचा? बॅलिंगॉलचा! तू त्याला शिकवलंस आणि त्यानं आपल्यालाच चिरलं.”

नेटीची सुरी थांबली.

“अजून उद्याची सकाळ आहे,” डॉड म्हणाला. “काहीतरी उलटं सांग त्याला.”

“खोटं शिकवत नाही मी. तो धंदा त्याचा.”

दुसऱ्या दिवशी सगळं गाव तीस पावलांवर, उजवीकडच्या झुडपांपाशी खी-खी करत उभं होतं. एकटी नेटी दोनशे पावलांवर, सरळ रेषेत. आपलं काम किती चोख आहे, ते तिला ठाऊक होतं.

बॅलिंगॉलनं काठी फिरवली. चेंडू तासून काढल्यासारखा सरळ आला आणि नेटीच्या बुटाशी थांबला. हसणाऱ्यांनी माना वळवल्या. ती चेंडू घेऊन चालत गेली.

“आयुष्यातला माझा सर्वांत सुंदर फटका!” तो फुलला होता. “द्या, काचेच्या पेटीत ठेवणार आहे. हे घ्या नाणं.”

“नाणं नको. सकाळची वेळ. इथं, मोठ्यानं बोला.”

“बाई, ती समितीची बाब आहे.”

“शब्द तुम्ही दिलात की समितीनं?”

तो हसला. मागचे क्लबचे कोटवालेही हसले. “दुकानातल्या गप्पा त्या! इतकं मनावर घेतात का?”

“काठी द्या जरा.”

त्यानं दिली. तीन आठवडे तिचं ऐकायची सवय लागली होती त्याला. नेटीनं चेंडू गवतावर ठेवला, समुद्राकडे तोंड केलं आणि खवल्यांच्या एप्रनसकट फटका मारला. चेंडू बंदराच्या भिंतीवरून पार पाण्यात.

“ठेवा आता पेटीत,” ती म्हणाली आणि काठी त्याच्या पायाशी टाकली.

पुढच्या आठवड्यात समितीनं वेळ विकली, एकमतानं. त्यानंतरच्या सोमवारी सकाळी सहाला नेटी पहिल्या खेळीच्या जागेवर होतीच, मागे अठ्ठावीस माणसं. अजूनही रोज असतात. आठ वाजेपर्यंत जागा सोडत नाहीत, आणि तोवर पर्यटकांची बस गेटाबाहेर उभी.

तेव्हा कधी पिटहेवनला आलात, तर त्या बसचं तिकीट काढू नका. सहाला चालत या आणि नेटीच्या मागे रांगेत उभे राहा.