गनीभाईंनी न लावलेला गंज

तलवार हाती घेतली की माणसाच्या रक्तातला इतिहास जागा होतो. हे वाक्य माझं नाही. भिवंडीत, नारपोलीच्या सभागृहात, गनीभाईंच्या शोकसभेत एका पुढाऱ्यांनी ते उच्चारलं. मी मागच्या रांगेत होतो. गनीभाईंना तलवार हाती घेताना मी पंधराएक वर्षं पाहिलं. तलवार हाती घेण्याआधी ते चष्मा शोधत, मग स्वच्छ फडकं, आणि दोन्ही मिळेपर्यंत चहा गार झालेला असे. पुढाऱ्यांनी त्यांना ‘शौर्याचे उपासक’ म्हटलं. घरात झुरळ निघालं तर हे शौर्याचे उपासक बायकोला हाक मारत.

त्यांना जाऊन आता सहा आठवडे झाले. त्यांची मुलगी नसीम हिचा त्या दिवशी सकाळी फोन आला, “मास्तर, अब्बा गेले... झोपेतच.” मी शाळेत निघालो होतो. रजेचा अर्ज लिहायला बसलो आणि ‘कारण’ या रकान्यात काय लिहावं ते सुचेना. नातेवाईक लिहावं तर ते खोटं, आणि मित्राच्या मरणाला आमच्या खात्यात रजा नाही. शेवटी ‘पोटदुखी’ लिहिलं.

गनीभाई फिटर होते. यंत्रमागाचा शाफ्ट वाकला, दातेरी चाक झिजलं, की मागवाले त्यांच्या वर्कशॉपकडे धाव घेत. शिक्षण सातवी. पण लोखंडाचा तुकडा कानाशी धरून टिचकी मारत आणि तो कुठल्या भट्टीतून आला असेल ते सांगत. आमची ओळख ऐंशीच्या सुमारास झाली, शाळेची घंटा फुटली तेव्हा. ती सांधून देताना ते म्हणाले, “मास्तर, हिचा आवाज पहिल्यासारखा येणार नाही. पोरांना मात्र तसाच वाईट वाटेल.” त्याच संध्याकाळी आम्ही पहिला चहा घेतला.

तलवारीचं प्रकरण गुडघ्यापासून सुरू झालं. गुडघे दुखायचे म्हणून ते अकलोलीच्या गरम पाण्याच्या कुंडावर जात. तिथं एकदा पाणी प्यायला एका घरी थांबले, तर दाराला आतून अडसर म्हणून एक लांब, वाकडी, खाकी रंगाची वस्तू लावलेली. घरातल्या म्हातारीचा नवरा महायुद्धात ब्रह्मदेशात होता. जपान्यांनी शरणागती पत्करली, तेव्हा त्यांच्या एका अधिकाऱ्याची ही तलवार त्याच्या वाट्याला आली होती. गनीभाईंनी तलवार म्हटलं तेव्हा म्हातारी म्हणाली, “तलवार न्हाय रं बाबा, आडसर हाय तो.” तिच्या बदल्यात गनीभाईंनी विहिरीवरचा पंप दुरुस्त करून दिला आणि दाराला चांगला लोखंडी अडसर बसवून दिला. म्हातारीच्या मते फसले ते गनीभाई.

घरी आणून त्यांनी ती उघडली. या तलवारीची मूठ बांबूच्या एका लहानशा खुंटीवर धरलेली असते; खुंटी काढली की सगळं सुटं होतं. दोरीच्या विणीखाली पांढरी खरबरीत कातडी निघाली, ती त्यांनी वास घेऊन ओळखली, “पाकटाची आहे. आमच्या खाडीत मिळतो तोच मासा.” मुठीच्या आत पात्याचा जो भाग लपलेला असतो त्याला ते शेपूट म्हणत. ती शेपूट काळ्या गंजानं भरली होती. आता, गंजलेला शाफ्ट पाहून गप्प बसेल असा फिटर भिवंडीत अजून जन्मायचा आहे. रॉकेल, पॉलिश पेपर, आधी जाड मग बारीक, आणि दोन दिवसांनी ते माझ्याकडे आले. “बघा मास्तर, आरसा.” खरोखरच शेपटीत माझं नाक दिसत होतं. मी मनापासून वाहवा केली. गंजाखाली काही बारीक खुणा होत्या, त्याही घासता घासता गेल्या, असं ते सहज बोलून गेले.

मग छंद वाढला. मुंबईच्या भंगारात दोन मिळाल्या, एक एका जुन्या खलाशाच्या घरातून, एक कुणी आपणहून आणून दिली. अशा पाच झाल्या. मी मुंबईच्या ग्रंथालयातून इंग्रजी पुस्तकं आणून त्यांना मराठीत वाचून दाखवू लागलो. युद्धाच्या काळात अधिकाऱ्यांसाठी या तलवारी कारखान्यात ढिगानं बनल्या. पण काही अधिकाऱ्यांनी घराण्यातलं जुनं, हातानं घडवलेलं पातंच लष्करी मुठीत बसवून घेतलं होतं. पात्याला पाणी देण्याचं वर्णन मी वाचलं ते त्यांनी तीनदा वाचायला लावलं. पात्यावर मातीचा लेप द्यायचा, पाठीवर जाड, धारेवर पातळ, मग तापवून पाण्यात बुडवायचं. धार कडक होते, पाठ नरम राहते, आणि दोहोंच्या सीमेवर धुक्यासारखी एक रेघ उमटते. गनीभाई उठले, अकलोलीची तलवार खिडकीशी नेली आणि उजेडात तिरपी धरली. रेघ होती. बाकी चौघींना नव्हती. ती तशीच धरून म्हणाले, “माणसाच्या हातचं काम आहे.” त्यांच्या पत्नी रुकय्याभाभी आतून म्हणाल्या, “माझ्या विळीला धार लावायची आहे, महिना झाला. तीपण माणसाच्याच हातची आहे.”

पुढच्या प्रकरणात ते वाक्य आलं. शेपटीवरच्या गंजाला कधीही हात लावू नये. त्याच्या रंगावरून जाणकार पात्याचं वय सांगतात, आणि घडवणारा तिथंच छिन्नीनं आपलं नाव कोरतो. मी वाचता वाचता अडखळलो. गनीभाई म्हणाले, “परत वाचा.” परत वाचलं. “तुमचं मराठी बरोबर आहे ना?” मी म्हणालो, दुर्दैवानं आहे. त्या दिवशी त्यांनी चहा घेतला नाही.

ही चूक त्यांच्या अंगावर आली ती नव्वदनंतर. आमच्या गावाची हवा अधूनमधून तापते, आणि तेव्हा पाच तलवारी घरात असणं हा छंद राहत नाही, त्याचा पंचनामा होतो. त्यातून घर गनीभाईंचं. ते स्वतःच यादी घेऊन पोलीस ठाण्यात गेले. तिथले इन्स्पेक्टर समंजस होते. म्हणाले, “तीन रस्ते आहेत. शंभर वर्षांच्या वरची असेल तर जाणकाराचा कागद आणा, ती पुरावस्तू. नाहीतर धार बोथट करा, ती शोभेची वस्तू. नाहीतर जमा करा.” चार तलवारींचा प्रश्न नव्हता, त्या कारखान्याच्या. गनीभाईंनी त्यांची धार स्वतःच्या ग्राइंडरवर उडवली. प्रश्न पाचवीचा होता. मुंबईच्या एका संग्रहालयातून निवृत्त झालेले जाणकार पंधरा दिवसांनी यायला तयार झाले. पण ते पहिल्यांदा काय पाहणार हे आम्हाला ठाऊक होतं.

हनीफ भंगारवाला त्यांचा जुना दोस्त. तो म्हणाला, “गनीभाई, नमक का पानी, थोडा सिरका, आठ दिन गीले बोरे में. सौ साल का जंग तैयार. पूछेगा कौन?” आणि मी, मुलांना सत्याचे प्रयोग शिकवणारा मास्तर, म्हणालो की हनीफचं ऐकायला हरकत नाही. तलवार तर खरीच जुनी होती. गेलेला पुरावा परत आणायचा, त्यात खोटं ते काय? गनीभाईंच्या हातात तर असं कसब होतं की त्यांनी लावलेला गंज जपानमध्येही खपला असता.

ते फडक्याला हात पुसत राहिले. मग म्हणाले, “मास्तर, ज्यानं हिला पाणी दिलं त्यानं नाव घातलं होतं. ते मी पुसलं, न कळत. आता त्याच्या नावावर खोटा गंज पण लावू, कळून?”

हनीफ म्हणाला, “वो तो मर गया होगा, भाई.”

“म्हणून तर.”

जाणकार आले. वृद्ध, सडपातळ, पायांत कॅनव्हासचे बूट. खिडकीशी बसून त्यांनी पातं पाहिलं आणि चेहरा उजळला. मग खुंटी काढली, मूठ सरकवली, आणि तो चेहरा मावळला. “गंज कुठं गेला?” गनीभाई शाळेतल्या मुलासारखे उभे होते. “मी काढला साहेब. ऐंशी नंबरचा पेपर, मग दोनशे, मग चारशे.” साहेबांनी काही क्षण डोळे मिटून घेतले. नंतर म्हणाले, “माझं मन म्हणतं, दोनशे वर्षं तरी. पण मनातलं मला कागदावर लिहिता येत नाही.” गनीभाई म्हणाले, “लिहूही नका.” मग दोघांनी तासभर पात्यावरची ती रेघ पाहिली. मला त्यातलं निम्मंही कळलं नाही, पण इतक्या आदरानं चाललेली चर्चा मी आमच्या शिक्षक संघाच्या बैठकीतही ऐकलेली नाही.

राहिले दोन रस्ते. धार उडवली असती तर तलवार घरी राहिली असती, भिंतीवर, रोज डोळ्यांसमोर. गनीभाईंनी ती मागाच्या कोऱ्या कापडात गुंडाळली आणि जमा केली. रस्त्यातून तलवार घेऊन जाताना गैरसमज नको म्हणून त्यांनी एक शिपाई मागून घेतला. पुढं तलवार घेतलेला शिपाई, मागं तेलाची बाटली घेतलेले गनीभाई. गैरसमज झालाच. संध्याकाळपर्यंत त्यांना सोडवायला दोन वकील आणि एक माजी नगरसेवक घरी येऊन गेले. भाभींनी तिघांना सरबत दिलं.

त्यानंतर दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी गनीभाई ठाण्यात जात. जमा मालाच्या खोलीत स्टुलावर बसून पातं पुसत, तेलाचा हलका हात देत, शेपटीला मात्र काही लावत नसत. बोटांचा घाम का लागू द्यायचा नाही, हे त्यांनी आल्यागेल्या प्रत्येक शिपायाला शिकवलं. जाता जाता फाटकाची बिजागरी, कपाटाचं कुलूप, साहेबांच्या खुर्चीचं चाक नीट करून देत. अधिकारी बदलले, शनिवार बदलला नाही. मी एकदा विचारलं, घरी असती तर बरं नसतं वाटलं? म्हणाले, “इथं ती पूर्ण आहे.” माणसाचा अभिमान वाटावा असे प्रसंग माझ्या आयुष्यात फार आले नाहीत, आणि आले तेव्हा बहुतेक वेळा हारतुऱ्यांमुळे माणूस दिसला नाही. त्या खोलीत मुद्देमालाच्या सायकली होत्या, दारूचे कॅन होते, आणि स्टुलावर गनीभाई होते.

गेल्या शनिवारी नसीम आणि मी गेलो. हवालदार आमची वाट पाहत होते. तेलाची बाटली त्यांनीच आणून ठेवली होती. नसीमनं वडिलांसारखंच आधी पातं पुसलं. मग हवालदारांनी शेपटीकडं बोट दाखवलं. तिथं कडेला तपकिरी झाक धरू लागली होती. “ताई, इथं जरा गंज धरलाय. भाईंचं राहून गेलं असेल. पॉलिश पेपर आहे माझ्याकडं, मारू का?”

आम्ही दोघं एकदमच नको म्हणालो, आणि त्यांना कारण सांगण्यात बराच वेळ गेला. शेवटी त्यांनी वहीत लाल शाईनं नोंद करून घेतली: गंज काढू नये. जाणकारांनी जाताना सांगितलं होतं, तसा गंज आपोआप चढायला शंभरएक वर्षं लागतात. तलवार जमा केल्यापासून सात झाली आहेत.