आधी अदमास सांग

अदमासमामाच्या तिण्णैवर पेनचं टोपण काढायला बंदी होती. तिण्णै म्हणजे आमच्याकडचा दारापुढचा ओटा. तिथं बसायचं, गणित मोठ्यानं वाचायचं, आणि मग उत्तर साधारण किती येईल ते तोंडानं सांगायचं. मामाची मान हलली तरच पेन उघडायचं. कुणी घाई केली की तो शांतपणे पेन काढून घ्यायचा आणि स्वतःच्या खिशाला लावायचा. संध्याकाळी त्याच्या खिशाला एवढी पेनं लागलेली असायची की मामी म्हणायची, "हे पोस्टात साहेब झालेत वाटतं."

त्याचं खरं नाव सांगून उपयोग नाही, गल्लीत ते कुणाला आठवतच नव्हतं. आईचा तो थोरला चुलतभाऊ. तंजावुरात एका कॉलेजच्या फिजिक्सच्या प्रयोगशाळेत तो डेमॉन्स्ट्रेटर होता. निवृत्त झाल्यावर घरात बसून करायचं काय, म्हणून त्यानं ओट्यावर मुलं गोळा केली. मूलबाळ नव्हतं. मी दोन घरं सोडून राहायचे, पण खरं सांगायचं तर झोपण्यापुरतीच. मामीच्या हातची वत्तकोळंबू, म्हणजे चिंचेची दाट आमटी, आणि मामाची बोलणी, दोन्ही मला रोज लागायची.

'आधी अदमास सांग' हे त्याचं पालुपद. "अदमास नसलेलं उत्तर म्हणजे अनोळखी पाहुणा," तो म्हणायचा. "आला तर खरा, पण आपलाच का, ते कसं ओळखणार?" अदमास चुकला तर तो रागवत नसे. अदमास न सांगता बरोबर उत्तर आणलं तर मात्र त्याचं तोंड आंबट व्हायचं. बाहेरच्या ट्यूशनला जाऊन आलेल्या शहाण्या मुलांची तर तो पार खोडच मोडायचा. त्यांना उत्तर पाठ असायचं आणि प्रश्न काय होता ते आठवायचं नाही.

दुसरा त्याचा हट्ट असा की तो कुठल्याही विषयाचे पहिले तीन-चार धडेच शिकवणार. फिजिक्स त्याच्या पोटातलं होतं. मग गल्लीतल्या एकीनं कॉमर्स घेतलं, म्हणून यानं अर्थशास्त्राचं पुस्तक आणून स्वतः वाचलं. पुढं सगळ्यांना कॉम्प्युटरचं खूळ लागलं, तेव्हा प्रोग्रामिंगचं पुस्तक आणलं. पण तीन-चार धड्यांच्या पुढं तो जायचाच नाही. का म्हणून विचारलं तर म्हणायचा की पुढचं शिकवायला कॉलेजं आहेत, पहिला धडा कुणालाच शिकवायचा नसतो, सगळ्यांना तो सोपा वाटतो.

फिजिक्स तो टाउन बसमध्ये शिकवायचा. तिरुवैयारूच्या बसमध्ये आम्हाला घालायचा, वरच्या दांड्याला दोऱ्यानं लिंबू बांधायचा, आणि बसनं ब्रेक मारला की लिंबू पुढं किती जाईल त्याचा अदमास घ्यायचा. पहिल्या दिवशी कंडक्टरनं आम्हाला करणी करणारे समजून उतरवायलाच घेतलं होतं. लिंबू आणि दोरा बघितल्यावर त्या बिचाऱ्याचं तरी काय चुकलं? मामानं त्याला तमिळमध्ये सगळा न्यूटन समजावला. मग तो कंडक्टर स्वतःच अदमास सांगायला लागला, आणि खरं बोलायचं तर त्याचेच बरोबर यायचे, कारण ड्रायव्हर कुठं ब्रेक मारणार ते त्याला आधीच ठाऊक असायचं. मामानं त्याला लबाड म्हणून वर्गातून काढून टाकलं.

अर्थशास्त्रात मात्र मामाला माझी आई भेटली. किंमत वाढली की मागणी घटते, हा पहिल्या धड्यातला नियम मी आमच्या दारात बसून घोकत होते. आई मल्लीचा गजरा करत होती. ती म्हणाली, असं कुठं असतं? मुहूर्ताच्या दिवशी मल्ली कडाडते आणि त्याच दिवशी बाजारात पाय ठेवायला जागा नसते. नियम लिहिणाऱ्यानं कधी फुलं विकत घेतलीत का? हे मामाच्या कानावर गेलं मात्र, तो पंचा सावरत धावत आला. आईच्या कोलमच्या, म्हणजे रांगोळीच्या, पिठानं त्यानं उंबऱ्यापुढं आलेख काढला आणि आईला सांगितलं की अंबू, किमतीमुळं माणसं वाढली नाहीत, मुहूर्तामुळं माणसं वाढली म्हणून किंमत वाढली. तू सगळी रेघच उचलून पलीकडं ठेवलीस. एवढं सांगून त्यानं रेघ खरोखरच पायानं पुसली आणि पलीकडं काढली. आईचं सकाळी काढलेलं कोलम त्यात गेलं. आई त्याच्याशी दोन दिवस बोलली नाही, पण तो नियम मला जन्मात विसरता आला नाही.

प्रोग्रामिंगची तर गंमतच होती, कारण कॉम्प्युटर आमच्यापैकी कुणीच पाहिलेला नव्हता. मामानंही नाही. मग आम्हीच कॉम्प्युटर व्हायचो. एकीनं बेरीज सांभाळायची, एकानं मोजणी, आणि मामा एकेक ओळ वाचेल तसं प्रत्येकानं आपला आकडा बदलायचा. दोन आकड्यांची अदलाबदल शिकवायला त्यानं एका टंबलरमध्ये कॉफी आणि दुसऱ्यात ताक दिलं, आणि याचं त्यात, त्याचं यात करा म्हणाला. तिसरं भांडं मागायचं कुणीतरी, एवढीच खुबी होती. शेजारची वसंता घायकुती, तिनं कॉफी सरळ ताकात ओतली. ज्याचा प्रोग्राम चुकला त्यानं तो प्यायचा, असा मामाचा नियम होता. वसंता आज बँकेत मॅनेजर आहे, ताकाला हात लावत नाही.

तेव्हा देशाचे दरवाजे उघडले, असं सगळे म्हणत होते. आमच्या गल्लीपर्यंत त्या दरवाजातून पहिल्यांदा आल्या त्या रंगीत पाट्या. एसटीडी बूथ, झेरॉक्स, आणि कापडदुकानाच्या माडीवर कॉम्प्युटर सेंटर. माझी बीएस्सी संपत आली होती आणि मला मद्रासला जाऊन कॉम्प्युटरचा पुढचा कोर्स करायचा होता. नुसतं करायचा होता असं नाही, दुसरं काही सुचतच नव्हतं. अप्पा ओरत्तनाडूला सरकारी कचेरीत होते. त्यांचं म्हणणं, मुलीनं बँकेची परीक्षा द्यावी, तंजावुरातच राहावं, मद्रासला हॉस्टेलात राहून त्या यंत्रापुढं बसायचं हे काही खरं नाही. मी रडले, अबोला धरला, जेवण सोडलं. शेवटी अप्पा वैतागून म्हणाले, तुझ्या मामाला विचार. तो हो म्हणाला तर अर्ज भर, नाही म्हणाला तर विषय संपला.

मी नाचतच तिण्णैवर गेले. मामा हो म्हणणार यात मला शंकाच नव्हती. पण तो माणूस असा, की हो म्हणेना. "मी ते यंत्र बघितलेलं नाहीं. बघून सांगतों," असं आमच्या घरच्या तंजावुरी मराठीत, शेवटचा स्वर नाकात घेऊन म्हणाला. मला असा राग आला! अर्जाची मुदत संपत आलेली, आणि याला दर्शन घ्यायचंय.

दुसऱ्या दिवशी मामा आंघोळ करून, गंध लावून, इस्त्रीचा शर्ट घालून निघाला. सेंटरच्या दारात चपला काढायच्या होत्या, ते त्याला फार आवडलं. आत थंडगार हवा. शिकवणारा मुलगा कुंभकोणमचा, बोलायला गोड. त्यानं मामाला खुर्ची दिली. मामानं प्रोग्राम घरून कागदावर लिहून आणला होता: इतकी माणसं एका पंगतीत किती तऱ्हांनी बसतील? दोन माणसं, दोन तऱ्हा. तीन माणसं, सहा. माणसं वाढवत जायचं आणि यंत्रानं गुणाकार करत जायचा. मी टाइप केलं. मामा प्रत्येक वेळी आधी अदमास सांगायचा आणि मगच मला बटण दाबू द्यायचा. मागं पोरं रांगेत चुळबुळत होती. सात माणसांपर्यंत सगळं जमलं, पाच हजार चाळीस. मामाचा चेहरा असा फुलला होता, जणू यंत्राची आणि त्याची लहानपणची ओळख.

मग आठ. मामा म्हणाला, चाळीस हजारांच्या थोडं वर. मी बटण दाबलं. पडद्यावर आलं उणे पंचवीस हजार दोनशे सोळा.

मागची पोरं फिदीफिदी हसली. शिकवणारा म्हणाला, सार, तुम्ही काहीतरी चुकीचं टाइप केलं असेल, कॉम्प्युटर कधी चुकत नाही. पुन्हा केलं. पुन्हा तेच. मामानं पडद्याकडं बघितलं, मग माझ्याकडं, आणि उठला. जिन्यात चप्पल घालताना म्हणाला, "उणे माणसं पंगतीला बसवतंय. असल्या यंत्राच्या भरवशावर पोरीला कसं पाठवूं मी?"

मामा एकदा बोलला की बोलला. बस स्टँडपर्यंत आलो, तिथं बाकावर तो बसला आणि मी त्याच्या शेजारी बसून रडायला लागले. रडता रडता त्याच्या हातातला कागद ओढून घेतला. यायला हवे होते चाळीस हजार तीनशे वीस. आले भलतेच. निदान अंतर किती पडलं ते तरी बघावं म्हणून दोन्ही मिळवले. पासष्ट हजार पाचशे छत्तीस. हा आकडा मी पाहिला होता. दोनाला दोननं गुणत गुणत गेलं की सोळाव्या पायरीला हाच येतो. पुस्तकाच्या पहिल्याच धड्यात एक तक्ता होता, आम्ही कंटाळून सोडून दिलेला, की आकडा ठेवायच्या जागेत किती मावतं.

"मामा, गुणाकार बरोबर आहे," मी म्हणाले. "भांडं लहान पडलं. साडेबत्तीस हजारांच्या जरा वर गेलं की उतू जातं, आणि मग मीटरसारखं फिरून उणेच्या टोकापासून मोजायला लागतं. मोठं भांडं घेतलं की झालं."

मामानं कागद घेतला. बेरीज स्वतः केली. दोनाला दोननं गुणत ओठातल्या ओठात सोळाव्या पायरीपर्यंत गेला. एक बस आली, गेली. मग "हं" म्हणाला आणि कागदाची घडी करून चालायला लागला. दारातून आत गेला तेव्हा माझ्याकडं बघितलंही नाही. मला वाटलं, झालं, शिष्येनं शिकवलेलं त्याला लागलं. पुरुषांचं काही सांगता येत नाही, मामा झाला तरी.

दिवेलागणीला तो आमच्या घरी आला. अप्पा झोपाळ्यावर होते. मामा बसला नाही, उभ्यानंच म्हणाला, "भावोजी, सुगुणाला पाठवा."

अप्पांनी विचारलं, ते यंत्र भरवशाचं आहे का?

"यंत्राचं मला कळत नाहीं," मामा म्हणाला. "तें चुकलं तर ही त्याला धरेल. मला धरायला जमलं नाहीं, हिनं धरलं."

एवढं बोलून तो गेला. आईनं कॉफी ठेवली होती, त्यासाठीही थांबला नाही. अप्पांनी त्याच बैठकीत अर्जावर सही केली.

मी मद्रासला गेले, शिकले, आणि पुण्यात नोकरीला लागले. इथं आल्यावर देवनागरी शिकले, म्हणून हे लिहिता तरी येतंय. माझी मराठी ऐकून ऑफिसात आधी लोक हसायचे, हसोत बापडे. सुट्टीत तंजावूरला गेले की मामा मला तिण्णैवर बसवायचा, नवीन काय शिकलीस विचारायचा आणि स्वतः अदमास सांगून तो माझ्याकडून चुकीचा ठरवून घ्यायचा. तिण्णै मात्र ओस पडत गेली. मुलं छापील प्रश्नोत्तरं देणाऱ्या क्लासला जायला लागली. मामा त्याबद्दल कधी कुरकुरला नाही.

तो गेला तेव्हा मला पोचायला उशीर झाला. तेराव्याला मामीजवळ बसले होते. घर माणसांनी भरलेलं, पण आम्ही दोघी मागच्या अंगणात. मी म्हणाले, मामी, त्या दिवशी मामा माझ्यावर रागावला होता ना? मामी पदरानं डोळे पुसत म्हणाली, "रागावतील कशाला? जेवले नाहींत, एवढंच. मीच त्यांना म्हटलं, यंत्र खोटं आहे म्हणून सांगा तिच्या अप्पांना. पोर इथंच राहील. कोण विचारायला येतंय? मी म्हटलं हो तसं, माझंच तोंड."

"मग?"

"मग काय. पान तसंच ठेवून उठले, शर्ट घातला, तुमच्या घरी गेले. परत आले ते तिण्णैवरच बसले. मी जेवायला हाक मारली, तर म्हणाले, जरा बसूं दे, पोर गेली."

आणि मी तेव्हा दोन घरं पलीकडं, माळ्यावर चढून, गाणं म्हणत ट्रंक शोधत होते.