धनुबाईची गाठ आणि घरचा फोन

धनुबाईच्या घरात चांगला फोन एकच, आणि त्यावर हक्क सगळ्यांचा. मुलगा नवनीत त्यावर केळीचे भाव बघायचा, सून रंजिता साड्या, आणि धनुबाई बघायची पापडांसारखे बिबडे करणाऱ्या बायकांचे व्हिडिओ. तेही त्यांना नावं ठेवायलाच. प्रकाशा गावाच्या आसपास तिच्यासारखे ज्वारीचे बिबडे कुणालाच जमत नव्हते आणि हे तिला पक्कं ठाऊक होतं.

छातीतल्या गाठीचा रिपोर्ट आला तेव्हा डॉक्टरांनी नवनीतला एकट्याला आत बोलावलं. बाहेर येऊन तो म्हणाला, "काहीच नही माय, चरबीनी गाठ शे." धनुबाईने मान डोलावली आणि परतताना बसमध्ये छान झोप काढली.

फोनला मात्र खोटं बोलता येईना. आठवडाभरात बिबडे गायब झाले. त्यांच्या जागी जडीबुटीवाले आले, गाठ विरघळवणारा पाला आला, ऑपरेशन केलं की कॅन्सर पसरतो असं खुशाल सांगणारा एक दाढीवाला आला. रंजिताने एकदा पैठणी शोधली होती, तेव्हा महिनाभर पैठण्याच येत राहिल्या होत्या. म्हणजे घरातलंच कुणीतरी विचारत होतं.

आधी काय काय शोधलं त्याची यादी कशी काढायची, हे सुनेनेच तिला शिकवलं होतं. चौथीपर्यंतच्या शाळेच्या जोरावर तिने ती बोट ठेवून वाचली. 'ऑपरेशनशिवाय स्तनाचा कॅन्सर बरा होतो का.' 'माणूस किती दिवस जगतो.' घरात अहिराणी बोलणारा नवनीत फोनला पुस्तकी मराठीत विचारत होता, परीक्षेचा पेपर लिहावा तसा. सगळ्यात खाली होतं, 'आईला सांगावे का.'

तिला रडू आलं नाही. तळपायाची आग मस्तकात गेली.

दुपारी ताटं वाढल्यावर तिने ती यादी उघडून फोन सगळ्यांच्या मधे ठेवला. तिच्या नवऱ्याचा, उखाचा, घास हातातच राहिला. दाढीवाल्याच्या औषधाची पुडी त्यानेच मागवली होती. दोन महिने ती देऊन बघू, मग ऑपरेशनचं बघू, असं बापलेकांनी परस्पर ठरवलं होतं.

"माय, तू भिशी म्हणीसन नही सांगं," नवनीत म्हणाला.

"भ्यायनात तुम्ही. सारा जगले इचारं, अन् माले काब नही इचारं?"

"पुडी तर येवू दे," उखा पुटपुटला.

"येवू द्या. तुम्हीच खा."

तिने कपाटातून फाइल काढली आणि तिच्यावरचा दवाखान्याचा नंबर लावला.

"पेशंटचे कोण बोलताय?" पलीकडून नर्सने विचारलं.

"मीच पेशंट. ऑपरेशनची तारीख द्या." एकेक शब्द तिने शाळेतल्या मराठीत, स्वच्छ उच्चारला.

"बाई, आधी घरच्यांना विचारून घ्या ना."

धनुबाईने तिघांकडे एकदा बघून घेतलं.

"घरच्यांनी पुष्कळ विचारलं," ती म्हणाली. "आता मी सांगते. लिहा."